शेतातली हवाई पार्टी

चि. माऊ हिस,
आजीचे अनेक आशीर्वाद.

दत्तजयंतीला तू नाशिकहून मित्रमैत्रिणींना घेऊन येणार, पहिल्या दिवशी त्यांना सारंगखेड्याचा घोडेबाजार दाखवणार आणि दुसऱ्या दिवशी आपल्या शेतात ‘हवाई पार्टी’ करणार, हे तुझ्या आईकडून कळलं आणि फार बरं वाटलं. तिने तुझी सामानाची यादीही वाचून दाखवली. डब्यातलं अननस, पिझ्झ्याचे तयार बेस, चीज, प्लॅस्टिकच्या फुलांचे हार, सरबताच्या पेल्यात खोचायच्या कागदी छत्र्या, आणि सगळ्यात खाली वेळ, संध्याकाळी सहा ते नऊ. यादीचं मला काही वाटलं नाही. हौस असावी माणसाला, आणि तुझ्या हौसेने कधी कुणाला तोशीस पडत नाही हे मला ठाऊक आहे. मी अडखळले ती त्या सहा ते नऊपाशी. तीन तासांत माणसं येणार, खाणार, फोटो काढणार आणि निघणार. घाई कसाले व माय? हे फोनवर बोलले असते तर ‘हो आजी, हो आजी’ म्हणत तू दुसऱ्या कामाला लागली असतीस, म्हणून पत्र लिहायला बसले. तूही निवांत बसून वाच.

आधी त्या अननसाचं उरकून टाकते. ज्याला हवाइयन पिझ्झा म्हणतात तो हवाईत जन्मलेलाच नाही. कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात सॅम पानोपुलोस नावाचा, ग्रीसहून आलेला एक हॉटेलवाला होता. त्याने १९६२ साली गंमत म्हणून पिझ्झ्यावर डब्यातल्या अननसाचे तुकडे टाकून पाहिले आणि डब्यावरचं नाव पिझ्झ्याला चिकटलं. अननस तरी त्या बेटांचं कुठलं? ते दक्षिण अमेरिकेतलं. जेम्स डोल याने १९०१ मध्ये ओआहू बेटावर अननसाची कंपनी काढली, डबे भरभरून जगभर गेले, आणि लोकांना वाटलं ही बेटं म्हणजेच अननस. तेव्हा ते डबे यादीतून काट. आपल्या शहाद्या-तळोद्याच्या बागांतून पपईचे ट्रक उत्तरेकडे जातात, आणि पपई हवाईतही भरपूर पिकते, तिथली माणसं सकाळी तिच्यावर लिंबू पिळून खातात. शेजारच्या बागेतून चार पिकलेल्या पपया सांगून ठेवते. लिंबू पिळ, वर चिमूटभर मीठ आणि आपली लाल मिरची भुरभुरव. पैसे वाचतील ते वाचतील, शिवाय पाहुण्यांना आपल्या मातीतलं काहीतरी मिळेल.

आता खऱ्या जेवणाकडे येऊ. हवाई बेटं मी भूगोलात वर्षानुवर्षं शिकवली. पॅसिफिकच्या मधोमध, ज्वालामुखीने समुद्राच्या तळातून वर उचललेली. फळ्यावर बेटांची ओळ काढायचे, पण तिथली माणसं काय जेवतात हे कुणी मूल विचारायचं नाही, कारण परीक्षेला नसायचं. निवृत्तीनंतर वाचत बसले तेव्हा समजलं की त्यांचा सणासुदीचा स्वयंपाक जमिनीत होतो. त्या खड्ड्याला ते ‘इमू’ म्हणतात. खड्ड्यात लाकडं रचायची, लाकडांवर दगड, आणि दगड लालबुंद होईपर्यंत जाळ चालू ठेवायचा. मग दगड पसरवून त्यांच्यावर केळीच्या खोडाचे चिरफाळलेले तुकडे टाकायचे, त्यांचं पाणी दगडांवर उतरलं की वाफ उठते. त्यावर पानं, पानांवर मांस, रताळी, पुन्हा पानं, त्यावर ओली गोणपाटं आणि शेवटी माती. मग तासन्‌तास हात लावायचा नाही. अख्खं डुक्कर असेल तर सहा-आठ तास, कुठे रात्रभर. आपल्याला डुक्कर नको, कोंबडी आणि कंदमुळं पुष्कळ झाली.

हे वाचताना मला परकं काही वाटलंच नाही. अलिबागकडे थंडीत वालाच्या शेंगांची पोपटी लावतात, वलसाडकडे उंबाडियूची मडकी उलटी करून जाळात ठेवतात, नर्मदेपलीकडे अलिराजपूर-झाबुआकडे मक्याच्या पिठाचे पानिये पानांत गुंडाळून गोवऱ्यांत भाजतात. आणि आपल्या खानदेशात बट्ट्या गोवऱ्यांवर भाजून वरणात कुस्करल्याशिवाय लग्नाची पंगत उठते का?

दगड मात्र नीट निवड. त्यांचा दगड आणि आपला काळा दगड एकाच जातीचे, बेसॉल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला; आपल्या नंदुरबार-धुळ्याच्या पट्ट्यात तो जमिनीच्या भेगांतून वर येता येता थिजला, आणि आजूबाजूची माती-मुरूम झिजून गेल्यावर त्याच्या काळ्या भिंती उघड्या पडल्या. एसटीतून जाताना लांबच लांब दगडी धार दिसते आणि तू लहानपणी तिला किल्ला म्हणायचीस, ती हीच. भूगर्भशास्त्रात तिला डाइक म्हणतात. (बघ, मास्तरीण अजून गेली नाही अंगातून.) तर सांगायचं ते हे की खड्ड्यासाठी दगड तापीतून उचलून आणायचे नाहीत, कितीही गोल आणि गुळगुळीत दिसोत. नदीच्या दगडात पाणी मुरलेलं असतं, तापलं की त्याची वाफ होते, वाफेला वाट सापडत नाही आणि दगड फटकन फुटतो. हवाईतले लोकसुद्धा सच्छिद्र, आधी वापरून पारखलेले दगडच इमूत घालतात आणि वर्षानुवर्षं सांभाळतात. आपण बांधावरचे, उन्हात वाळलेले, जरा भोकाभोकांचे घेऊ, आणि तुम्ही येण्याआधी सालदारदादा एकदा रिकाम्या जाळात ते तापवून बघतील, लांब उभं राहून. टिकले ते ठेवायचे, तडकले ते पुन्हा बांधावर.

लाकडाची काळजी नको. हवाईत इमूसाठी कियावे नावाच्या झाडाचं लाकूड वापरतात, ते झाडही बाहेरून आणून लावलेलं आणि मग बेटभर माजलेलं, आपल्या वेड्या बाभळीची सख्खी बहीण. आपल्या नाल्याकाठी वेडी बाभूळ किती आहे ते तुला माहीत आहे. तोडली तर शेजारीसुद्धा दुवा देतील. केळीच्या खोडांचंही तसंच. घड उतरवला की खोड बांधावर पडून कुजतं, बागवाला म्हणतो न्या हो न्या. पानं त्याच बागेतली घ्यायची. त्यामुळे तुझ्या यादीतल्या थर्माकोलच्या ताटल्याही काटल्या मी, विचारलं नाही, रागावू नकोस.

आता वेळेचं गणित मांड, तू गणितात माझ्यापेक्षा हुशार. दगड तापायला दोन-अडीच तास. कोंबडीचे मोठे तुकडे, रताळी, अळूच्या पानांची पुडकी यांना मातीखाली चार तास. दुपारी एकला पानं मांडायची तर जाळ पहाटे सहाला पेटला पाहिजे, आणि जाळ सहाला पेटायचा तर उठायचं पाचला. डिसेंबरातली थंडी, शेतावर धुकं, अंगातून बोचरं वारं जाणार, मुलं कुरकुरतील. तू मात्र उठशील. वसतिगृहात राहून तुझी ती सवय मोडली असं तुझी आई म्हणते, मला नाही तसं वाटत. ज्या मुलीने आंघोळीचं पाणी तापायच्या आत अंगण झाडून ठेवलंय, तिची पहाट अशी सहज जात नाही. एकदा जाळ धडाडला की मुलं आपोआप येऊन हात शेकत बसतील. त्या वेळी काम सांगायचं नाही कुणाला, चहा द्यायचा.

कोंबडीला काय लावायचं हे तू विचारशील. मीठ. नुसतं जाडं मीठ. हवाईतल्या कालुआ मांसाला दुसरं काही लावत नाहीत, चव धुराची आणि पानांची. मला कल्पना आहे, आपल्याला हे अंगावर काटा आणणारं आहे. नंदुरबारच्या वेशीवर पथाऱ्यांवर लाल मिरची पसरलेली असते, वाऱ्याची दिशा फिरली तर तुझ्या पाहुण्यांना गाडीतच ठसका लागेल, आणि अशा गावच्या माणसाने नुसत्या मिठावर कोंबडी खायची! पण निम्मी तरी तशी करून बघ. उरलेल्या निम्मीला लसूण-मिरचीचा ठेचा चोळ, म्हणजे तुझे काका ताटावरून रुसून उठणार नाहीत.

अळूच्या पानांत मांस किंवा मासा बांधून ते लोक पुडकी करतात, त्यांना लाउलाउ म्हणतात. आपण मांसाशिवायची करू, आत रताळ्याच्या फोडी आणि नारळाचं घट्ट दूध, बाहेरून केळीचं पान. अळू नीट शिजलं नाही तर घसा खवखवतो, म्हणून तर आपण वड्यांना चिंच लावतो. इथे चिंचही थोडी लाव आणि चार तासांतला एक मिनिट कमी करू नकोस. कच्च्या माशाचे तुकडे मीठ लावून खातात तो प्रकार तुझ्या यादीत ‘पोके’ म्हणून होता. तो ताज्या समुद्री माशाचा. आपल्याकडे मासा येतो उकाईच्या धरणातला, गोड्या पाण्यातला, आणि गोड्या पाण्यातला मासा कच्चा खायचा नसतो. हे एवढं ऐक, बाकी सगळं तुझ्या मनासारखं.

मला तुझी चिंता नाही, घाईची आहे. माती टाकून झाली, दोन तास झाले, वास सुटला, की कुणीतरी म्हणणार ‘जरा बघू या का?’ बघायचं नाही. वाफ एकदा गेली की तेवढी वाफ परत करायला खाली जाळ नसतो, आहे ती ऊब दगडांत साठवलेली, संपली की संपली. कुठून वाफ फुसफुसताना दिसली तर फावडंभर माती टाकायची, एवढंच काम. आणि कोंबडी अर्धी कच्ची निघाली तर वरून भाजून घेऊ असंही करू नये. २००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्या नवापूरला आढळला, लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या, पोल्ट्रीवाल्यांच्या घरी सुतकी कळा आली. तेव्हापासून मी हाडाजवळ तुकडा मोडून, आत गुलाबी नाही ना, हे पाहिल्याशिवाय कुणाला वाढत नाही. तूही पाहा.

ते चार तास करायचं काय? भरीत करायचं, दुसरं काय. जळगावकडची ती पांढरट-हिरवी, हाताच्या पंजात न मावणारी भरताची वांगी मागवते, भौगोलिक मानांकन मिळालेली. गेल्या हंगामातल्या पऱ्हाट्या खळ्यावर रचलेल्या आहेत. त्यांचा जाळ उंच आणि पटकन विझणारा, वांगं वरून कोळशासारखं काळं होतं आणि आतून लोण्यासारखं. साल गरम असतानाच काढायची, बोटं चटकतात, म्हणून शेजारी पाण्याची वाटी. पाण्याखाली वांगं धरू नकोस हो, धुराचा वास धुऊन जातो. मग लाकडी बडगीत सगळं एकत्र ठेचायचं, तेलात हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे परतायचे, कांद्याची पात घालायची आणि कळण्याच्या भाकरीवर वाढायचं.

आणि हे मुलांना सांग, त्यांना आवडेल. हवाईतही असंच ठेचणं असतं. अळूचे कंद शिजवून, मोठ्या लाकडी पाटावर दगडी बत्त्याने, थोडं थोडं पाणी शिंपडत ते कुटतात, त्याला पोई म्हणतात, पूर्वी तेच त्यांचं मुख्य अन्न होतं. ती किती घट्ट हे बोटांवर मोजतात, एका बोटाने उचलली जाते ती घट्ट, तीन बोटं लागली तर पातळ. ताजी गोडसर असते, दोन-तीन दिवस ठेवली की आंबते, आणि जुनी माणसं ती आंबूसच पसंत करतात. तुझ्या आजोबांना ज्वारीची आंबील तशीच लागायची, रात्रभर आंबलेली, नाहीतर पेला बाजूला सारायचे.

गोडाचं आदल्या संध्याकाळीच करून ठेव. हाउपिया नावाची नारळाच्या दुधाची वडी असते. दोन वाट्या घट्ट दूध, अर्धी वाटी साखर, पाच मोठे चमचे कॉर्नफ्लोअर पाऊण वाटी गार पाण्यात कालवलेलं. पूर्वी ते एका कंदाचं सत्त्व घालत, आपल्या आरारुटासारखं, आणि घरात आरारूट असेल तर तेही चालेल. मंद आचेवर ठेवायचं आणि ढवळणं थांबवायचं नाही, फोन वाजला तरी. चमच्यावरून सरकताना जड वाटू लागलं, चकाकी आली, की ओल्या थाळीत ओतायचं आणि गार झाल्यावर रात्रभर फ्रिजमध्ये. देव्हाऱ्यात ओटीचे नारळ साठलेत ते घे, विकत आणू नकोस. दूध काढून उरलेला चोथा फेकू नकोस, लाल मिरची-लसणाबरोबर कुटला की दुसऱ्या दिवशीची चटणी होते.

बसण्याचं एक मला मनापासून सांगायचंय. हवाईत पूर्वी बायका आणि पुरुषांनी एकत्र जेवायचं नाही असा कडक निर्बंध होता. बायकांना डुकराचं मांस, नारळ आणि बहुतेक जातींची केळी खायची मनाई, मोडली तर शिक्षा प्राणाची. पहिला कामेहामेहा राजा १८१९ मध्ये वारला, त्याचा तरुण मुलगा लिहोलिहो गादीवर आला, आणि त्याच वर्षी राजाची एक राणी काअहुमानु आणि लिहोलिहोची आई केओपुओलानी यांच्या आग्रहावरून तो सगळ्यांदेखत बायकांच्या पंगतीत जाऊन बसला आणि जेवला. एका जेवणाने एवढी जुनी रीत मोडली. आपल्या घरात कुणाचा जीव गेला नाही, पण मी सून होऊन आले तेव्हापासून कित्येक वर्षं आम्ही बायका मागच्या पंगतीला, तवा विझल्यावर, गार भाकरी आणि पातेल्याच्या तळाचं खात आलो. तेव्हा तुझ्या पार्टीत ज्याने जाळ घातला, ज्याने माती ओढली, भाकऱ्या थापायला येणाऱ्या मावशी आणि सालदारदादांचं घरचं माणूस, सगळी एकाच वेळी पानावर बसतील. वाढायला मध्ये मोठी पातेली ठेवा, ज्याचं त्याने घ्यावं. तू हे न सांगताही केलं असतंस, तरी लिहिलं.

तुझ्या मैत्रिणीने जे फोटो पाठवलेत, भाताचे दोन गोळे, मॅकरोनीचं सॅलड आणि मांस एकाच ताटलीत, ते ‘प्लेट लंच’ म्हणजे उसाच्या मळ्यांतल्या मजुरांच्या डब्यांतून आलेलं जेवण. जपान, चीन, फिलिपिन्स, पोर्तुगाल, कुठून कुठून माणसं ऊस तोडायला तिथे नेली, दुपारी बांधावर एकमेकांचे डबे चाखत जेवली. आपल्या अक्कलकुव्या-धडगावची कुटुंबं दिवाळीनंतर पोराबाळांसह गुजरातेत ऊसतोडीला जातात, तुझी पार्टी असेल तेव्हा ती तिकडेच असतील. तुझ्या मित्रांना सारंगखेड्याहून येताना रस्त्यात उसाच्या गाड्या दिसतील तेव्हा हे सांगशील ना?

हारांसाठी झेंडू आहे, परसातलाच, आदल्या दिवशी ओवून ओल्या फडक्यात ठेव. कागदी छत्र्या आण हवं तर, लहान पोरांना गंमत.

खड्डा दोन दिवस आधीच खणून ठेवायला सांगते, काळ्या मातीत आत ओल असते, ती वाळू दे. गुडघाभर खोल पुरे. विहिरीपासून, खळ्यापासून आणि कडब्याच्या गंजीपासून लांब, वाऱ्याच्या उलट अंगाला. जाळ चालू असेपर्यंत दोन बादल्या पाणी जवळ हवंच, आणि ओढणी कमरेला घट्ट खोचून कामाला लाग. किती जण येणार ते आठ दिवस आधी कळव, म्हणजे वांगी मोजून सांगता येतील. उगाच जास्त आणून गाईपुढे टाकायला मला आवडत नाही.

तुझी,
आजी

ता. क. मांस न खाणारे कोण कोण, तेही विचारून घे, लाजून गप्प बसणारा एखादा असतोच. त्यांची पुडकी खड्ड्यात एका बाजूला, रताळ्यांच्या शेजारी ठेवू, आणि ओळखायला बिनमांसाच्या पुडक्यांना पांढरा दोरा, कोंबडीच्या पुडक्यांना लाल. दोरा सुतीच घ्यायचा, नायलॉन वितळतो.